सर्व्हर रूम दर उन्हाळ्यात बंद पडते : नवा एसी घेण्याआधीची तपासणी आणि डेटा सेंटरचा आराखडा

तक्रार

सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्याच्या बाजूला ज्या संस्था आपले सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवतात, म्हणजे पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ, रुग्णालये, कारखान्यांची मुख्य कार्यालये, त्यांच्याकडून मार्च ते जून या काळात एकच तक्रार थोड्याफार फरकाने येत राहते. सकाळी कार्यालय उघडले की शाखांना लॉगिन होत नाही. सर्व्हर रूमचे दार उघडताच गरम हवा अंगावर येते, दोनपैकी एक एसी बंद असतो, दुसऱ्याखाली पाणी ठिबकत असते, आणि मुख्य सर्व्हर एक तर स्वतःहून बंद झालेला असतो किंवा पुन्हा चालू होऊन डेटाबेस दुरुस्त करण्यात गुंतलेला असतो. मेकॅनिक येतो, फिल्टर धुतो, गॅस भरतो, बिल देतो. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. असे दोन उन्हाळे गेले की मार्चअखेरच्या सुमारास संचालक मंडळापुढे ‘डेटा सेंटर ऑप्टिमायझेशन’ या भारदस्त नावाचे एक कोटेशन येते, ज्यात जादा एसी, नवा यूपीएस आणि नवे सर्व्हर एकाच गाठोड्यात बांधलेले असतात.

हे गाठोडे आहे तसे मंजूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली वारंवार बंद पडते तेव्हा थंड करण्याची क्षमताच अपुरी आहे, असे क्वचितच आढळते. वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू न होणे, थंड हवा सर्व्हरच्या तोंडापर्यंत न पोहोचणे आणि कोणीही वापरत नसलेले सर्व्हर रात्रंदिवस चालू राहणे, ही तीन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. ती सुटी केली की आराखड्याचा क्रम त्यांतूनच ठरतो, आणि ज्या जादा एसीसाठी ठराव आणलेला असतो, तो पुष्कळदा विकत न घेताच मिळतो. कसा, ते पुढे हिशेबासह दिले आहे.

उदाहरणासाठी सांगलीतील एका बहुशाखीय संस्थेची खोली घेतो. दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी, १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. तीन रॅक (सर्व्हर बसवण्याच्या लोखंडी चौकटी), १४ सर्व्हर, २ टनांचे दोन स्प्लिट एसी आणि १० केव्हीएचे दोन यूपीएस. या भागातील बऱ्याच खोल्या अशाच असतात.

आधी वेळ पाहावी, मग तापमान

बंद पडण्याची घटना कोणत्या वेळी घडली, हे नेमके कळले की अर्धे निदान झालेच. मेकॅनिक दिवसा येतो आणि दिवसाचा एसी पाहतो. बिघाड मात्र रात्री घडलेला असतो. प्रत्येक चांगल्या सर्व्हरमध्ये मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र असे एक व्यवस्थापन कार्ड असते. कंपनीनुसार त्याला आयएलओ, आयड्रॅक किंवा नुसते आयपीएमआय म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी ते जागे असते आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान, धोक्याचा इशारा आणि बंद होण्याची वेळ यांची नोंद ठेवते. ही नोंद काढून यूपीएसच्या नोंदीशेजारी ठेवावी.

येथे एक खाचखळगा आहे. या कार्डाचे घड्याळ पुष्कळदा जागतिक वेळेवर ठेवलेले असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वर सांगितलेल्या खोलीत नोंदीनुसार सर्व्हर रात्री ९ वाजून १० मिनिटांनी बंद झाला होता, आणि त्या वेळी तर कर्मचारी कार्यालयातच होते, म्हणून नोंदच चुकीची आहे असे ठरवून ती बाजूला ठेवली गेली होती. साडेपाच तास मिळवल्यावर पहाटेचे २ वाजून ४० मिनिटे निघाले. यूपीएसच्या नोंदीत १ वाजून ५२ मिनिटांनी वीज गेल्याचे आणि २ वाजून ५ मिनिटांनी ती परत आल्याचे दिसत होते. म्हणजे वीज परत आल्यानंतर पस्तीस मिनिटांनी सर्व्हर तापून बंद झाला. वीज होती, यूपीएस ठीक होता, बॅटरीही संपली नव्हती. एसी तेवढे सुरू झाले नव्हते. सर्व कार्डांची, यूपीएसची आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची घड्याळे अचूक वेळ पुरवणाऱ्या एकाच सर्व्हरशी जुळवून घेणे हे म्हणूनच या कामातले पहिले पाऊल होय.

वेळांचा अर्थ ढोबळमानाने असा लावता येतो. घटना रात्री किंवा रविवारी घडत असतील, तर वीजपुरवठा आणि एसी पुन्हा सुरू होणे याकडे पाहावे. दुपारी दोन ते पाच या वेळेत घडत असतील, तर गच्चीवरील बाहेरचा युनिट तपासावा. पत्र्याखाली किंवा दोन युनिट समोरासमोर बसवलेले असले, तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो आणि कॉम्प्रेसर जादा दाबामुळे ट्रिप होतो. घटना महिनाअखेरीस किंवा व्याजआकारणीच्या दिवशी घडत असतील, तर सर्व्हरवरील कामाचा भार हेच कारण असण्याची शक्यता अधिक.

एसी परत का सुरू होत नाही

घरगुती वापराच्या स्प्लिट एसीला वीज गेल्यानंतर पूर्वीच्याच स्थितीत सुरू होण्याची सोय बहुधा असते, पण ती प्रत्येक मॉडेलमध्ये नसते, आणि असली तरी प्रत्येक वेळी चालू केलेली नसते. शिवाय आपल्याकडे एसीच्या आधी स्टॅबिलायझर असतो. रात्री परिसरातील वापर उतरला की व्होल्टेज चढते. ते मर्यादेबाहेर गेले की स्टॅबिलायझर पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज खाली येईपर्यंत जोडत नाही. तीनपैकी एकच फेज गेली, तर आणखी घोळ होतो, कारण इमारतीतले दिवे चालू दिसतात, सुरक्षारक्षकाला काही वावगे वाटत नाही, आणि त्या फेजवरचा एसी मात्र बंद पडलेला असतो. दोन्ही एसी एकाच फेजवर असतील, तर दुसऱ्या एसीचा आधार नुसता कागदावर राहतो. वरील खोलीत नेमके हेच होते: दोन्ही एसी एकाच फेजवर, आणि एकालाही आपोआप सुरू होण्याची सोय चालू केलेली नाही.

तपासणी अगदी सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. पूर्वसूचना देऊन एखाद्या रविवारी सकाळी एसीचा एमसीबी (पॅनेलमधील त्याचा स्वतंत्र स्विच) दोन मिनिटे खाली करावा आणि पुन्हा वर करावा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीनेक मिनिटे लागतात, तेवढे थांबावे. रिमोटला हात न लावता एसी त्याच तापमानावर आणि कूलिंगच्याच मोडवर परत आला, तर ठीक; नुसता पंखा फिरू लागला किंवा काहीच झाले नाही, तर दोष सापडला. ही चाचणी दोन्ही एसींवर स्वतंत्रपणे घ्यावी. नंतर जनरेटर चालू करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण जनरेटरच्या चेंजओव्हरमध्ये (पुरवठा जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचमध्ये) सर्व्हर रूमचा एसी जोडायचाच राहून गेला आहे, असे आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

वीज गेल्यावर किती वेळ हाताशी असतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा आहे. सर्व्हर, यूपीएस आणि भिंती मिळून ९ किलोवॉट उष्णता सोडत असतील आणि ती सगळी केवळ हवेतच गेली, तर हवा दर मिनिटाला सुमारे १३ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात भिंती, रॅकचे लोखंड आणि फरशी बरीच उष्णता शोषतात, म्हणून इतके वेगाने होत नाही. तरीही हिशेब मिनिटांचाच राहतो, तासांचा नव्हे. अशा खोलीत दोन तासांची बॅटरी बसवणे म्हणजे पैसे अडकवणे होय, कारण बॅटरी संपण्याच्या कितीतरी आधी खोली तापते. यूपीएसचे सॉफ्टवेअर बॅटरीची पातळी पाहून सर्व्हर नीट बंद करते. त्याच्याबरोबरीने आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहूनही ते व्हावे, अशी जोडणी करून घ्यावी. ३२ अंशांना चाचणीचे आणि अहवालाचे सर्व्हर, ३५ अंशांना उरलेले, असा क्रम ठेवला तर डेटाबेस अर्धवट बंद पडण्याचा प्रकार तरी थांबतो.

रिमोटवर १६, रॅकच्या माथ्यावर ३४

भिंतीवरचा तापमापक किंवा एसीच्या रिमोटवरचा आकडा सर्व्हरविषयी फारसे काही सांगत नाही. महत्त्वाचे असते ते सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत शिरणाऱ्या हवेचे तापमान. अमेरिकेतील ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस केलेली मर्यादा दिली आहे, आणि २०११ पासून तिने सामान्य सर्व्हर खोल्यांतील उपकरणांचे ए१ ते ए४ असे वर्गही केले आहेत. ए२ वर्गातील सर्व्हरला ३५ अंशांपर्यंतची हवा चालू शकते. म्हणजे खोली शीतगृहासारखी गार ठेवण्याची गरजच नाही.

प्रत्येक रॅकच्या पुढे तळाशी, मध्यावर आणि वर असे तीन साधे डिजिटल तापमापक चिकटवून दुपारी आणि रात्री वाचन घ्यावे. उदाहरणातील खोलीत एसी १६ वर लावलेला असताना मधल्या रॅकच्या तळाशी २१ अंश आणि माथ्यावर ३४ अंश निघाले. एकाच रॅकमध्ये १३ अंशांचा फरक म्हणजे थंड हवा कमी आहे असे नव्हे, तर ती वाटेतच वाया जाते आहे. पाटाला भरपूर पाणी सोडावे आणि मध्येच बांध फुटलेला असावा, तर शेवटच्या सरीपर्यंत पाणी जात नाही, तशीच ही गत आहे. येथे बांध तीन ठिकाणी फुटला होता. रॅकमधील रिकाम्या जागा उघड्या असल्यामुळे मागची गरम हवा त्यांतून पुढे येत होती. तिसऱ्या रॅकमधील दोन सर्व्हर उलटे बसवलेले होते, त्यामुळे ते शेजारच्यांच्या तोंडावर गरम हवा फेकत होते. आणि एका एसीचा झोत थेट रॅकच्या पाठीवर पडत होता, म्हणजे गरम हवाच तेवढी थंड होऊन परत एसीकडे जात होती.

एसी १६ वर लावण्याने यातले काहीच सुटत नाही. उलट कॉइलवर बर्फ धरतो, हवा अडते, आणि बर्फ वितळला की तेच पाणी रॅकजवळ ठिबकते. गॅस कमी झाल्याचे लक्षणही असेच दिसते, म्हणून मेकॅनिक गॅस भरून जातो.

रॅकच्या पुढच्या बाजूला थंड हवेची आणि मागच्या बाजूला गरम हवेची अशी स्वतंत्र पट्टी राखण्याची पद्धत आयबीएममधील रॉबर्ट सुलिव्हन यांनी १९९२ च्या सुमारास मांडली आणि आज ती जगभर रूढ आहे. तीन रॅकच्या खोलीत ती अक्षरशः एका सुटीच्या दिवसात आणता येते. सगळ्या सर्व्हरची तोंडे एकाच बाजूला, एसीचा झोत त्याच बाजूला, आणि रिकाम्या जागांवर ब्लँकिंग प्लेट. रॅकचा एक ‘यू’ म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची आणि रुंदी १९ इंच. ब्रँडेड प्लेट महाग वाटल्या, तर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही पत्र्याचे काम करणारा कारागीर या मापाने पावडर कोटिंग केलेल्या प्लेट करून देतो. थर्मोकोल किंवा पुठ्ठा मात्र लावू नये. आगीचा धोका आहे. रॅकच्या माथ्यावर आणि केबलच्या भोकांवर ब्रशची पट्टी बसवली की काम पुरे होते. वरील खोलीत एवढ्यावरच माथ्यावरचे तापमान २६ अंशांवर आले, तेही एसी २३ वर ठेवून.

हवेच्या प्रमाणाचाही एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्व्हरमधून जाताना हवा ११ अंशांनी तापते असे धरले, तर दर किलोवॉटमागे तासाला सुमारे २७० घनमीटर हवा लागते. साडेसहा किलोवॉटचे सर्व्हर तासाला साधारण १,७५० घनमीटर हवा ओढतात. २ टनांचा एक साधा स्प्लिट त्याहून बराच कमी झोत देतो. एक एसी बंद पडला की उरलेली हवा सर्व्हर स्वतःच्याच पाठीमागून ओढून घेतात, आणि तापमान एकदम उसळते ते याच कारणाने.

न लागणारे सर्व्हर, आणि तिसरा एसी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यूपीएसच्या आउटपुटवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून वीजप्रवाह मोजण्याचे साधन) लावून पाहिले, तर भार ६.५ किलोवॉट होता. त्यात यूपीएसचा स्वतःचा अपव्यय आणि पश्चिमेच्या खिडकीतून व भिंतीतून येणारी उष्णता मिळवली की एकूण ९ किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढावी लागते. १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट. दोन एसींची नाममात्र क्षमता १४ किलोवॉट होते. पण माणसांच्या सोयीसाठी बनवलेला एसी आपल्या क्षमतेचा बराच भाग हवेतील बाष्प काढण्यात खर्च करतो. तापमान उतरवायला साधारण सत्तर टक्के उरतात, म्हणजे दहा किलोवॉटच्या आत-बाहेर. कोरड्या हवेत हे प्रमाण सुधारते, तर मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना एकूण क्षमताच घटते. सार असे की दोन्ही एसी चालू असताना खोली जेमतेम तरते आणि एक बंद पडताच बुडते. नेहमीचे उत्तर: तिसरा एसी घ्या.

दुसरे उत्तर म्हणजे उष्णताच कमी करणे. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये प्रत्यक्ष आकडेवारी तपासून मांडले होते की सुमारे ३० टक्के सर्व्हर सहा महिने किंवा अधिक काळ काहीही उपयोगी काम न करता चालू असतात. आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. १४ सर्व्हरांच्या या खोलीत पाच सर्व्हर असे निघाले: बदलून टाकलेल्या जुन्या लेखा प्रणालीचा एक, ‘ऑडिटला लागेल’ म्हणून ठेवलेला, हजेरी यंत्राचा एक, ज्याची यंत्रे केव्हाच क्लाउडवर गेली होती, दोन चाचणीचे, आणि एक असा, ज्याच्याविषयी कोणालाच सांगता येईना. जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर रिकामा बसूनही सहज १८० वॉट घेतो. वर्षाला ते १,५७७ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले, तर जवळजवळ १५,८०० रुपये, आणि ती उष्णता बाहेर काढण्याचा एसीचा खर्च वेगळा.

असा सर्व्हर थेट बंद करण्याची घाई मात्र करू नये. आधी नेटवर्क स्विचवरील त्याची वाहतूक महिनाभर पाहावी. मग वीज तशीच ठेवून फक्त नेटवर्कची केबल काढावी आणि ती निदान एक महिनाअखेर ओलांडेपर्यंत काढलेलीच ठेवावी. सहकारी संस्थांमध्ये मार्चअखेर, व्याजआकारणी आणि लेखापरीक्षण यांच्या वेळी एखादी विसरलेली फाइल अचानक आठवते. कोणी ओरडले, तर केबल परत लावणे मिनिटाचे काम आहे. त्यानंतर पूर्ण बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या यंत्रावर परत उभा करून दाखवावा आणि मगच सर्व्हर उतरवावा. बॅकअप घेतला एवढे पुरत नाही, तो उघडला गेला पाहिजे. लॉगची, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींचीही काळजी घ्यावी, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे.

उरलेले नऊ सर्व्हर आभासी करून, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने अनेक सर्व्हर चालवून, तीन यंत्रांवर आणता आले. यात गणित चुकते ते नेहमी मेमरीचे. प्रोसेसर बहुधा रिकामाच असतो. एक यंत्र बंद पडल्यावर उरलेल्या दोघांनी सगळा भार पेलायचा असेल, तर एरवी प्रत्येकाची मेमरी दोन-तृतीयांशांपेक्षा अधिक भरलेली असता कामा नये. दोनच यंत्रे घेतली, तर निम्म्यापेक्षा अधिक नको. वापराची मोजणी महिनाअखेर आणि दिवसअखेरची प्रक्रिया धरून करावी, एखाद्या निवांत मंगळवारची नव्हे.

सॉफ्टवेअरचा खर्च येथे यंत्रांपेक्षा मोठा ठरू शकतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये आभासीकरणाचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली आणि सगळे वर्गणीवर गेले, त्यामुळे लहान संस्थांनी हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स या पर्यायी सॉफ्टवेअरचा विचार गांभीर्याने करावा. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाघटकांवर) मोजला जातो आणि प्रत्येक यंत्रामागे किमान १६ कोअरचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून कोअर कमी पण वेग जास्त असा प्रोसेसर अशा ठिकाणी स्वस्त पडतो. विक्रेता बहुधा उलट सुचवतो. जुन्या प्रणालींचा आधारकाळही (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहण्याची मुदत) तपासावा: विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला, आणि विंडोज सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो.

हे सगळे झाल्यावर भार ३.२ किलोवॉटवर आला. यूपीएसचा अपव्यय घटला, खिडकी आतून बंद करून तिला उष्णतारोधक थर दिला, आणि एकूण उष्णता ४.६ किलोवॉटच्या आसपास राहिली. २ टनांचा एकच एसी तेवढी काढू शकतो. आधी दोन्ही एसी चालू असणे ही गरज होती. आता दुसरा राखीव झाला. अदलाबदलीचा टायमर लावून दोघांना पाळीपाळीने चालवले की दोघांचे आयुष्यही वाढते.

यूपीएस आणि मोजणी

यूपीएसबद्दल थोडक्यात. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि दर १० अंशांच्या वाढीला ते ढोबळमानाने निम्मे होते. तेव्हा बॅटरी रॅकच्या मागच्या गरम पट्टीत ठेवू नये. भार कमी झाल्यावर दोन्ही यूपीएस अगदी थोड्या भारावर चालतील आणि त्यांची कार्यक्षमता घसरेल, हे खरे. पण केवळ त्यासाठी नवे यूपीएस घेऊ नयेत. त्यांचे वय झाले की लहान घ्यावेत.

ऑप्टिमायझेशनच्या कोटेशनमध्ये पीयूई हा आकडा हमखास असतो. खोलीत येणारी एकूण वीज भागिले सर्व्हरना मिळणारी वीज, इतकेच ते गुणोत्तर आहे. ग्रीन ग्रिड या उद्योगसंघाने २००७ पासून त्याचा प्रसार केला आणि २०१६ मध्ये त्याला आयएसओचे मानकही मिळाले. मोठ्या केंद्रांसाठी तो उपयोगी आहे. लहान खोलीत मात्र तो फसवतो: निरुपयोगी सर्व्हर बंद केले की भागाकारातला छेद लहान होतो, एसी आणि यूपीएसचा ठरावीक खर्च तितक्या प्रमाणात घटत नाही, आणि बिल उतरलेले असतानाही पीयूई बिघडलेला दिसतो. संचालक मंडळापुढे म्हणून दोन साधे आकडे ठेवावेत, खोलीचे महिन्याचे एकूण युनिट आणि महिन्यात हवा २७ अंशांच्या वर गेली ते तास. त्यासाठी एसी आणि यूपीएसच्या लाइनवर एक स्वतंत्र एनर्जी मीटर बसवावा लागतो.

आराखड्यात पुराचे पान

सांगलीतील कोणताही डेटा सेंटरचा आराखडा कृष्णेला वगळून लिहिता येत नाही. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ नदीची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि २००५ व २०२१ चे पूरही विसरण्यासारखे नाहीत. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी जनरेटर, डिझेलची टाकी, मुख्य पॅनेल आणि इंटरनेटची केबल इमारतीत शिरते ती जागा कोणत्या पातळीवर आहे, हे जाऊन पाहावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी त्या एकाच पुलावरून आणि एकाच खांबावरून येत असतील, तर ती एकच लाइन समजावी.

मुख्य केंद्र बंद पडल्यास काम चालवणारे पर्यायी केंद्र कोठे असावे, यावर सवयीने कोल्हापूरचे नाव पुढे येते, कारण तेथे शाखा असते आणि माणसे ओळखीची असतात. पण २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर कृष्णेच्या पुराबरोबरच आला होता. सातारा शहर उंचावर आहे आणि तेथे शाखा असेल, तर बॅकअपची प्रत ठेवायला ती जागा चांगली. चालू स्थितीतील पर्यायी यंत्रणेसाठी मात्र पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक डेटा सेंटरमधील भाड्याची जागा किंवा क्लाउड घेणे बरे. सगळेच एकदम बाहेर हलवण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही. ज्या संस्थेच्या शाखांच्या सर्व लाइन सांगलीतच येऊन मिळतात, तिने आधी पर्यायी केंद्र बाहेर न्यावे, वर्षभरात दोनदा त्यावरून प्रत्यक्ष कामकाज चालवून पाहावे, आणि मग मुख्य केंद्राचा निर्णय घ्यावा.

क्रम

पहिल्या महिन्यात कोणतीही मोठी खरेदी करू नये. घड्याळे जुळवणे, नोंदी काढणे, एमसीबीची चाचणी, एसींच्या फेज वेगळ्या करणे, तापमापक आणि प्लेट, एवढेच. दुसऱ्या महिन्यापासून सर्व्हरची यादी करावी, आणि यादीत प्रत्येक सर्व्हरसमोर एका विभागाचे आणि एका माणसाचे नाव असावे; ज्याच्यासमोर नाव येत नाही, तो सर्व्हर आपोआप तपासणीच्या रांगेत जातो. जुने सर्व्हर उतरवणे आणि आभासीकरण यांना तिमाही दोन तिमाही लागतात, आणि ते मार्च, सप्टेंबर या महिन्यांत मुळीच करू नये. एसीच्या वार्षिक करारात ‘चार सर्व्हिसिंग’ असे मोघम न लिहिता फिल्टर पंधरवड्याला, कॉइल तिमाहीला आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, हे लिहून घ्यावे. गाळप हंगामात कारखान्याच्या आसपास चिपाडाची काजळी उडते आणि मार्केट यार्डाजवळ हळदीची धूळ असते. अशा ठिकाणी फिल्टर आठवड्यालाच पाहावा. रात्रीचा इशारा कोणाच्या मोबाइलवर जाणार, तो माणूस रजेवर असेल तर कोणाच्या, आणि खोलीची चावी कोणाकडे, हेही कागदावर यावे. सुरक्षारक्षकाला फेज गेल्याचे ओळखण्यासाठी पॅनेलवरचे तीन दिवे दाखवून ठेवावेत.

एवढे करूनही प्रश्न उरला, तर मे महिन्यातील एखाद्या दुपारी तीन वाजता दोन्ही एसी व्यवस्थित असताना त्यांपैकी एक एसी तासभर बंद ठेवावा आणि रॅकच्या पुढचे तापमान पाहावे. ते २७ अंशांच्या आत राहिले, तर ठराव मागे घेता येतो. ते वर गेले, तर एसी जरूर घ्यावा. पण मागणीपत्रात टनाचा आकडा न लिहिता बाहेर ४५ अंश असताना कोरडी उष्णता काढण्याची (बाष्प वगळून नुसते तापमान उतरवण्याची) किलोवॉटमधील क्षमता, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय, स्वतंत्र फेजवरील जोडणी आणि बाहेरच्या युनिटची सावलीतील मोकळी जागा या चार गोष्टी लिहाव्यात, आणि बसवल्यावर बिल देण्यापूर्वी एमसीबीची तीच दोन मिनिटांची चाचणी ठेकेदारासमोर घ्यावी.